गुरुवारी लाइट नसते

आमच्या शेजारच्या गाळ्यात एक पॉवर प्रेस आहे. दर चार सेकंदांनी तो 'धाड्' करतो आणि एक वॉशर जन्माला घालतो. गेली अकरा वर्षं मी त्या धाडीत जेवतो, चहा पितो, फोनवर उधारी मागतो. बायको म्हणते, सुट्टीच्या दिवशी घरी बोलतानासुद्धा मी दर चार सेकंदांनी श्वास घ्यायला थांबतो. मला त्या प्रेसचा कधी त्रास झाला नाही. झाला तो कंटेंट क्रिएटर झाल्यावर.

माझा धंदा धार लावण्याचा. कात्र्या-सुऱ्यांचा नव्हे, तो सायकलवाला वेगळा. आकुर्डी, चिंचवड, चिखलीकडचे वर्कशॉपवाले बोथट झालेली ड्रिलं, एंडमिल, रीमर पिशवीतून आणून टाकतात आणि मी ती ग्राइंड करून परत देतो. गाळ्यात मालक मी, ऑपरेटर मी, हेल्पर मी आणि क्वालिटी इन्स्पेक्टरही मीच. रिजेक्शन आलं की मीच मला केबिनमध्ये बोलावून झापतो. केबिन नाही, पण झापणं होतं.

या मनुष्यबळात मार्केटिंग मॅनेजरची भर घातली भाच्याने. तो इंजिनिअरिंगला आहे, म्हणजे त्याच्याकडे भरपूर वेळ असतो आणि सबमिशनच्या आठवड्यात अजिबात नसतो. एके दिवशी गाळ्यात येऊन माझ्याच स्टुलावर बसत तो म्हणाला, "मामा, तुम्ही दिसतच नाही."

"अरे, सकाळी नऊपासून इथेच तर असतो."

"ऑनलाइन म्हणतोय मी."

त्याने स्वतःच चिंचवडच्या एका हॉटेलातल्या शिबिरात माझं नाव घातलं. फी १४९९ रुपये, दुपारचं जेवण त्यात धरून. जेवण चांगलं होतं. व्याख्याता पंचविशीतला होता आणि त्याने आयुष्यात त्या शिबिराखेरीज दुसरं काही विकलेलं दिसत नव्हतं, पण ते मात्र उत्तम विकत होता. 'सातत्य' हा शब्द तो इतक्या सातत्याने म्हणत होता की मला प्रेसची आठवण झाली. रोज एक रील, तीन पोस्ट, पाच स्टोऱ्या, नव्वद दिवस न चुकता. मी वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला: ९० रील, २७० पोस्ट, ४५० स्टोऱ्या. एकूण ८१० जॉब, एका माणसाकडून, एकाच शिफ्टमध्ये, तेही नेहमीचं काम सांभाळून. आमच्या पट्ट्यात एवढ्या ऑर्डरला निम्मा ॲडव्हान्स मागतात. इथे ॲडव्हान्स मीच भरून बसलो होतो.

शिवाय एक छापील 'कंटेंट कॅलेंडर' दिलं. त्यात १७ जुलै हा जागतिक इमोजी दिन आहे हे कळलं. त्या दिवशी ड्रिलला धार लावणाऱ्या माणसाने नेमकं काय करावं, हे मी हात वर करून विचारलं. व्याख्याता म्हणाला, "छान प्रश्न! याच्यावरच एक रील करा."

त्या कॅलेंडरात खंडेनवमी नव्हती. ज्या दिवशी आकुर्डीपासून चाकणपर्यंतची सगळी यंत्रं धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून उभी असतात, ज्या दिवशी टर्नर लेथला नमस्कार करतो आणि मालक टर्नरला पेढा देतो, तो हत्यारांचा एकुलता एक दिवसच गायब. इमोजीला मात्र जागा होती.

मी वाढलो त्या आकुर्डीत कंटेंट नव्हतं, स्कूटर होती. बजाजची चेतक आली १९७२ साली. पुढे कितीतरी वर्षं तिची जाहिरात ग्राहकच करत, कारण नंबर लावून वाट बघण्यापलीकडे त्यांना दुसरा उद्योग नव्हता. आमच्या चाळीत एकाने नंबर लावला तेव्हा त्याची मुलगी पाळण्यात होती. स्कूटर आली ती तिला शाळेत सोडायलाच. 'आमचा नंबर लागला' ही त्या काळातली स्टोरी, आणि ती चोवीस तासांत पुसली जात नसे, चाळीस वर्षं ऐकावी लागे. मग १९८९ साली 'हमारा बजाज' ही जाहिरात दूरदर्शनवर आली. ती पाहिलेल्या माणसाला आजही नुसतं नाव काढलं की चाल आठवते. इथल्या कारखान्यातलं उत्पादन २००७ साली थांबलं, चेतक हे नावही काही वर्षं बाजूला पडलं, आणि २०२२ साली याच आकुर्डीत विजेवरची चेतक बनायला लागली. जुना माल नव्या पॅकिंगमध्ये काढणं याला शिबिरात एक भारदस्त इंग्रजी नाव होतं. आमच्याकडे त्याला 'ड्रिलला परत धार लावली' म्हणतात. त्याच ड्रिलची, नव्या टोकाने, पुन्हा सुरुवात. माझं पोट त्यावरच चालतं.

पण ते शहाणपण मला नंतर सुचलं. आधी मी रील केलं.

पहिल्या दिवशी अंगातला ॲप्रन काढून इस्त्रीचा शर्ट घातला. ग्राइंडरमागची भिंत पुसली, तेव्हा ती पिवळी आहे हे कळलं. भाच्याने तिपाई लावली, गोल दिवा लावला, माझ्या चेहऱ्यावर कसलीशी पावडरही मारली. दोन तास गेले. मग मी सुरू केलं: "नमस्कार मंडळी, (धाड्) आज आपण ड्रिल का (धाड्) जळतं ते (धाड्)..." शेजारी जाऊन म्हटलं, पाच मिनिटं थांबाल का? ते म्हणाले, "डिस्पॅच आहे हो. चार वाजता चहाला थांबतो." चार वाजता ते थांबले आणि तेवढ्यात माझ्याकडे एक गिऱ्हाईक आलं. सत्तेचाळीस वेळा बोलल्यावर तीस सेकंदांचं रील झालं. पाहिलं एकशे बारा जणांनी. त्यांतले ऐंशी आमचे नातेवाईक, आणि त्यांतल्या एका आत्याने विचारलं, "बरा आहेस ना? चेहरा पांढराफटक दिसतोय."

रात्री शटर ओढताना जाणवलं, मी कंपनीत असतो आणि एका पीससाठी दोन तास सेटिंग केलं असतं तर सुपरवायझरने गेटबाहेर काढलं असतं. आपल्या भागात लहान पोरालाही ठाऊक असतं की सेटिंग लावलं की बॅच काढायची. जपानात शिगेओ शिंगो यांनी टोयोटातल्या हजार टनी प्रेसचं तासांचं सेटिंग मिनिटांवर आणलं. त्यांच्या पद्धतीचे तक्ते चाकणमधल्या अर्ध्या कंपन्यांच्या भिंतींवर लावलेले असतात. मी तेच तक्ते बघत नोकरी केली. आणि स्वतःच्या गाळ्यात रोज संध्याकाळी एका पीससाठी मशीन सेट करत होतो.

तरी तेवीस दिवस चालवलं. दहाव्या दिवशी सांगण्यासारखं सगळं संपलं. अकराव्या दिवशी उगवत्या सूर्याच्या चित्रावर 'जिद्द असेल तर पोलादही वाकतं' असं लिहून टाकलं. हे चूक आहे. पोलाद वाकतं ते तापमान, जाडी आणि बळ यांवर, आणि जिद्दीने वाकवायला गेलं तर हायस्पीड स्टील तुटतं. पण त्याला माझ्या सगळ्या पोस्टपेक्षा जास्त हात जोडलेले आले. सतराव्या दिवशी मी चहाच्या कपाचा फोटो टाकला. विसाव्या दिवशी त्याच कपाचा, दुसऱ्या बाजूने.

ग्राइंडिंग व्हीलचं असंच होतं. सतत चालवलं की कण झिजतात, फटींत धातू भरतो आणि व्हीलवर चकाकी येते. नवख्या ऑपरेटरला वाटतं, वा, काय चमकतंय! पण चमकणारं व्हील कापत नाही, नुसतं घासतं, आणि जॉब जाळतं. अशा वेळी मशीन थांबवून त्याला हिऱ्याच्या टोकाने ड्रेसिंग करावं लागतं, म्हणजे वरचा थर खरवडून आतले ताजे कण उघडे करायचे. तेविसाव्या दिवशी मी आरशात पाहिलं तर बऱ्यापैकी चमकत होतो. त्या दिवशी एका जुन्या गिऱ्हाइकाचं रीमर मी जाळलं. तेवीस दिवसांत खऱ्या कामाचं पहिलं रिजेक्शन, आणि पोस्ट मात्र वेळेवर गेली होती. मी मला केबिनमध्ये बोलावलं.

मधल्या काळात एक रील गाजलं, त्याबद्दल सांगायला हवं. भाच्याने मला न विचारता नुसतं ग्राइंडिंगचं चित्रीकरण केलं: ठिणग्या, कूलंटची धार आणि तो 'श्श्श' आवाज. मी त्यात नव्हतोच, फक्त माझा अंगठा होता. तीन लाख लोकांनी पाहिलं. मी गाळा वाढवण्याचा विचार करू लागलो. मग प्रतिक्रिया वाचल्या. लोकांना त्या आवाजाने झोप लागत होती. एका बाईंनी लिहिलं, बाळ दुसऱ्या कशाने झोपत नाही, एक तासाचं टाकाल का? एक जण म्हणाला, काका, मागचा तो 'धाड्' काढा, मला जाग येते. तीन लाख माणसं माझ्या धंद्याने गाढ झोपली आणि एकही बोथट ड्रिल आलं नाही. एकाने अंगठ्याचं कौतुक केलं होतं. ते मी बायकोला दाखवलं नाही.

या सगळ्यावर मला उतारा सापडला तो जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात. किर्लोस्करांची गोष्ट आपण शाळेत अर्धीच ऐकतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, आणि लोखंडाने जमीन नासते या समजापायी तो कुणी घेईना, इथवर. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. पुढची अर्धी गोष्ट माझ्या कामाची होती. १९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचं मासिक सुरू केलं, कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायला. म्हणजे आमचा शिबिरवाला ज्याला नवी क्रांती म्हणत होता ती शंभर वर्षांपूर्वी सांगली-साताऱ्याकडच्या माळावर होऊन गेली होती. तिकडे अमेरिकेत जॉन डीअर या नांगरवाल्या कंपनीनेही १८९५ साली शेतकऱ्यांसाठी 'द फरो' काढलं, ते अजून निघतं. नांगर आणि नियतकालिक यांचं काही जन्मांतरीचं नातं असावं.

त्यात माझ्या नजरेत भरलं ते असं की मासिक होतं. महिन्याला एक. शंकररावांना कुणी 'आज काय टाकलंत?' असं विचारत नव्हतं. एकोणतीस दिवस माहिती जमायची, तिसाव्या दिवशी छापायची. बॅच!

धोकाही त्यातच होता. मासिक इतकं रंगलं की नावातली 'खबर' गळून नुसतं 'किर्लोस्कर' राहिलं, नांगर मागे पडून कथा-लेख पुढे आले, पाठोपाठ १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' निघालं. मराठी वाचकांचं कल्याण झालं, वाद नाही. पण त्यांच्याकडे नांगर बघायला काका होते आणि मासिक बघायला पुतण्या. माझ्याकडे पुतण्या नाही, भाचा आहे, आणि त्याला सबमिशन असतं. मी संपादक झालो तर धार कोण लावणार?

मग मी एक वही केली. शंभर पानी, दोरीने ग्राइंडरला बांधलेली, म्हणजे भाच्याच्या ॲपपेक्षा खात्रीची. नियम एकच: गिऱ्हाईक जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. महिनाभरात एकोणतीस प्रश्न झाले. त्यांतले एकवीस फिरून फिरून एकच होते, 'ड्रिल निळं का पडतं?' मी हे उत्तर जवळजवळ रोज, चहा पाजून, फुकट देत होतो आणि संध्याकाळी 'आज काय टाकू' म्हणून डोकं धरून बसत होतो.

उत्तर असं: तुम्ही फार जोरात फिरवता. मोठं ड्रिल सावकाश फिरवायचं, लहान भराभर. साध्या माइल्ड स्टीलला हायस्पीड ड्रिल वापरत असाल तर ५ मिलिमीटरला साधारण १६०० आरपीएम, १० ला ८००, २० ला ४००. व्यास दुप्पट, फेरे निम्मे, इतकं सोपं. पण जो तो सगळ्याला एकाच पट्ट्यावर पळवतो, कूलंट वाचवतो, मग ड्रिल निळं पडतं, पाणी उतरतं, आणि माणूस माझ्याकडे येऊन म्हणतो, काका, तुमची धार टिकत नाही. टोकाचा कोन ११८ अंश, दोन्ही ओठ, म्हणजे कापणाऱ्या कडा, समान लांबीचे. एक ओठ जरा लांब राहिला की भोक मोठं होतं आणि असेंब्लीत बोल्ट नाचतो. हे सगळं माझ्या तोंडात होतं, फक्त पावडर लावल्यावर आठवत नव्हतं.

मी एक तक्ता छापून घेतला. वर ड्रिलचे व्यास आणि आरपीएम, मध्ये टोकाचं चित्र, खाली माझा नंबर. लॅमिनेशन करून प्रत्येक पिशवीबरोबर एक दिला. भाचा म्हणाला, "मामा, हे कंटेंट नाही, हे स्टेशनरी आहे." मी त्याला घरच्या भिंतीवरचं 'कालनिर्णय' दाखवलं. जयंतराव साळगावकरांनी ते १९७३ साली काढलं. पुढे तारखा, मागे लेख आणि पाककृती. वर्षातून एकदा छापायचं आणि वर्षभर घराघरात खिळ्याला लटकायचं. दूधवाल्याचे खाडे आणि गॅसची तारीख लिहिताना रोज नजर तिथेच. बायको अजून कधी कधी गेल्या वर्षीचं पान फाडताना मागची खोबऱ्याच्या वड्यांची कृती कापून ठेवते. रोज पोस्ट न टाकता रोज दिसायची एवढी चांगली सोय अजून कुणी काढलेली नाही. दिवाळी अंकवाल्यांनीही १९०९ पासून, काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'पासून, वर्षातून एकदाच दणका द्यायची चाल धरली आहे. आपला समाज मुळात वार्षिक आहे. त्याला ताशी करायला निघालोय आपण.

तक्त्याने कुणाला झोप लागली नाही. पण चिखलीतल्या एका शॉपमधून फोन आला: "काका, ऑपरेटर मशीनजवळ लावलेला तुमचा तक्ता घेऊन पळाला, दुसऱ्या कंपनीत लागला तो. दुसरा द्या." म्हणजे एका तक्त्याने मला दोन गिऱ्हाइकं दिली, एक नोकरी सोडून.

एक संधी मात्र घालवली, ती भाचा अजून विसरत नाही. ज्येष्ठात तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. त्या दिवशी सगळं गाव रस्त्यावर असतं. कुणी पाणी वाटतं, कुणी राजगिऱ्याचे लाडू, कुणी वारकऱ्यांच्या चपला शिवून देतं, नाभिक मंडळी ओळीने बसून दाढ्या-केस करतात. गेल्या वर्षी त्यांतल्या एकाची कात्री अडायला लागली. मी ती गाळ्यात नेऊन धार लावून दिली, मग दुसऱ्याने दिली, मग वस्तरे. संध्याकाळपर्यंत बत्तीस कात्र्या झाल्या. मी तो सायकलवाला नव्हे असं वर म्हटलं होतं, ते एवढ्यापुरतं मागे घेतो. रात्री भाचा आला. "मामा, व्हिडिओ?" फोन घरी चार्जिंगला होता. त्याने जमिनीवर बैठक मारली. त्याच्या मते वर्षातलं सर्वोत्तम रील मी कात्र्यांपायी घालवलं. मात्र त्या बत्तिसांपैकी एकाचा मेहुणा भोसरीत टूलरूम चालवतो. त्याची पिशवी आता महिन्याला येते, आणि ती बरीच जड असते.

आता माझं कंटेंट गुरुवारी होतं. आमच्या औद्योगिक पट्ट्याला साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, वीजवाल्यांची दुरुस्तीही बहुधा गुरुवारीच. लाइट नसते, त्यामुळे ग्राइंडर बंद आणि कामाची ओढ नसते. प्रेसही गप्प असतो. शटर अर्धं उघडलं की सकाळी दहा ते बारा दारातून असा स्वच्छ उजेड येतो की त्या गोल दिव्याची गरज पडत नाही. महिन्यातला पहिला गुरुवार मी त्याला देतो. ॲप्रन तोच, भिंत पिवळीच. वहीतले सात-आठ प्रश्न काढायचे आणि गिऱ्हाईक समोर उभं आहे असं धरून उत्तरं द्यायची. तीच उत्तरं भाचा घरी जाऊन कापतो: एकाचं रील, एकाचं स्टेटस, एकाची दोन ओळींची पोस्ट. महिन्याचा माल दोन तासांत. उरलेले दिवस मी फोन गल्ल्यात ठेवतो. सबमिशनचा आठवडा आला तर त्या महिन्यात काहीच जात नाही, आणि अजून तरी कुणी पोलिसांत तक्रार केलेली नाही. इमोजी दिन दोनदा आला नि गेला.

मागच्या गुरुवारी सहा उत्तरं झाल्यावर भाच्याने फोन खाली घेतला.

"मामा, मध्ये मध्ये का थांबताय?"

"कुठे थांबतोय?"

त्याने दाखवलं. खरंच होतं. पूर्ण शांततेत, दर चार सेकंदांनी, मी तोंड मिटून एका वॉशरची वाट बघत होतो. ती जागा कापून टाकायला त्याला रात्री एक वाजला म्हणे.

शुक्रवारी तो व्हिडिओ गेला. शनिवारी सकाळी एक जुनं गिऱ्हाईक पिशवी घेऊन धावत आलं, घामाघूम. आधी शेजारच्या गाळ्यात डोकावलं, मग माझ्याकडे.

"आहात होय इथेच! व्हिडिओत धाडधाड ऐकू आली नाही, म्हटलं काकांनी गाळा सोडला की काय," तो म्हणाला आणि टेबलावर अकरा ड्रिलं ओतली. सगळी निळी.